किल्ली हरवते तेव्हा



जुन्या अमेरिकन मोटारीच्या हरवलेल्या किल्लीवर मी बोलणार, हे कळताच आपल्या चिटणीसांचा चेहरा जरा उतरला होता. घरची किल्ली हरवली तर मनुष्य किल्लीवाल्याकडे जातो, व्याख्यानाला जात नाही, असे त्यांचे म्हणणे. मीही पूर्वी असेच समजत होतो, आणि ती समजूत मला महाग पडली.

माझ्या वडिलांनी जपलेली १९५१ सालची शेवरोले माझ्याकडे आहे. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईस मोटारी जुळविण्याचा कारखाना चालविला आणि १९५४ मध्ये तो बंद केला. त्या काळातल्या गाड्या आपल्याकडे काही घरांतून अजून आहेत. वडील गेल्यावर गाडी दोन वर्षे जागची हलली नाही. पुढे ती चालू करावी म्हणून पाहतो, तो किल्ल्यांचा पत्ता नाही. कपाटे झाली, देवघर झाले, कोटांचे खिसेसुद्धा झाले. त्यांचे कोट असे उलटेपालटे करताना काय वाटते, ते आपल्यापैकी काहींना सांगायला नकोच.

एका कारागिराने सांगितले, "साहेब, भोक पाडून काढू." मला घाई होती. मी मान डोलावली. डिकीचे कुलूप दहा मिनिटांत गेले, आणि पितळेचा चुरा तेवढा हातात राहिला. इग्निशनकडे वळणार तोच मी त्यांना थांबविले. शहाणपण सुचले असे नव्हे. ज्या जागी वडिलांचा हात रोज जाई, तिथे ड्रिल लावलेले पाहवेना.

त्यानंतर मी या कुलपांचा अभ्यास केला. तो आधी करायला हवा होता.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीची कथा सोपी आहे. १९१९ नंतरच्या गाड्यांत बटनाच्या किल्ल्यांचे नमुने उणेपुरे दोन डझन, आणि नमुन्याचा आकडा बहुधा बटनाच्या तोंडावरच ठोकलेला. एकाच्या किल्लीने भलत्याचीच गाडी चालू व्हावी, असा तो भोळा कारभार. जनरल मोटर्सने १९३५ पासून वापरलेले कुलूप मात्र फार हुशार. त्याच्या पोटात सहा पितळी पत्र्या असतात, आणि प्रत्येकीच्या कडेला एक खाच. योग्य किल्ली आत गेली की सहाही खाचा एका रेषेत येतात, बाजूची एक लांबट पट्टी त्यांत बसते, आणि मगच नळकांडे फिरते. आपले किल्लीवाले कोरी किल्ली आत घालून हलवितात, उमटलेल्या खुणांवर कानस मारतात. ती विद्या इथे चालत नाही. भार पत्र्यांवर पडतच नाही, तो पट्टीवर पडतो.

किल्लीला सहा जागा आणि प्रत्येक जागी चार खोल्या. गणिताने चार हजार शहाण्णव प्रकार होतात; प्रत्यक्षात त्या काळी सुमारे दीड हजार आकड्यांची मालिका होती. हा आकडा नव्या किल्लीच्या माथ्यावरच असे, पण एका लहान तुकड्यावर. गाडी ग्राहकाच्या हाती देताना विक्रेता तो तुकडा ठोकून बाहेर काढी. म्हणूनच जुन्या किल्लीच्या माथ्यात आरपार भोक दिसते. आकडा मालकाने घरी जपावा, किल्लीबरोबर फिरवू नये, हा हेतू. आकडा ज्याच्या हाती, किल्ली त्याच्या हाती! प्रदर्शनात हौसेने किल्लीचे छायाचित्र काढू देणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता माझी फजिती ऐका. या गाडीला किल्ल्या दोन. अष्टकोनी माथ्याची इग्निशन आणि दारांची, गोल माथ्याची डिकीची आणि समोरच्या खणाची. खण उघडाच होता. त्याचे कुलूप काढून पाहतो, तो नळकांड्याच्या अंगावर आकडा स्वच्छ कोरलेला! म्हणजे डिकीची किल्ली मला त्याच दिवशी करून मिळाली असती. डिकी फोडली तेव्हा मी त्या खणावर कोपर टेकून उभा होतो.

इग्निशनला हात न लावता दाराचे कुलूप उतरविले. एका जाणत्या किल्लीवाल्याने भिंग लावून सहा पत्र्या एकेक करून वाचल्या आणि कोऱ्या किल्लीवर तेवढ्याच खोल्या कापल्या. असे केल्याचा एक गुण आहे. झिजलेल्या किल्लीची नक्कल केली तर झीजही नकलेत उतरते. मापावरून कापलेली किल्ली पहिल्या दिवसासारखी होते. कामाला हात घालण्यापूर्वी त्याने गाडीचे कागद मागितले. मला क्षणभर राग आला, मग बरे वाटले.

किल्ली फिरली. इंजिन मात्र लगेच बोलले नाही, बॅटरी मेलेली होती. ती कथा निराळी.

डिकी अजून सुतळीने बांधलेली आहे. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर त्या जातीचे कुलूप पडले असेल, तर सभा संपल्यावर मला अवश्य भेटावे.