मत मागणाऱ्यानं स्वतःचं मत कुठं दिलं?

१९६० सालच्या अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीपासून सुरुवात करतो. उमेदवार होते जॉन केनेडी. त्या काळी तिथं सरकारी मदतीवर किंवा सरकारी हमीच्या कर्जावर बांधलेली घरंसुद्धा कृष्णवर्णीय माणसाला खुशाल नाकारली जात. केनेडी प्रचारात म्हणाले, हा भेदभाव थांबवायला नवा कायदाही लागत नाही, अध्यक्षानं लेखणीचा एक फटकारा मारला की काम झालं. लोकांना हे फार आवडलं. केनेडी निवडून आले, जानेवारी १९६१ मध्ये त्यांनी शपथ घेतली, आणि मग लेखणी काही खिशातून बाहेर निघेना! महिने गेले, वर्ष उलटलं. तेव्हा लोकांनी एक नामी युक्ती काढली. अध्यक्षांकडं पेन नसेल कदाचित, असं म्हणून त्यांनी व्हाइट हाउसच्या पत्त्यावर टपालानं पेनं पाठवायला सुरुवात केली. अखेर २० नोव्हेंबर १९६२ रोजी सही झाली. काँग्रेसच्या निवडणुका होऊन तेव्हा बरोबर दोन आठवडे झाले होते. शिवाय तो आदेश बेतानंच काढलेला, मुख्यतः पुढं बांधल्या जाणाऱ्या घरांपुरता.

केनेडी खोटारडे होते असं मला म्हणायचं नाही. दक्षिणेतले खासदार त्यांच्याच पक्षाचे होते, त्यांना दुखवलं तर बाकीची विधेयकं अडकतील ही भीती खरीच होती. पण मतदारानं काय बघायचं? वाक्य बघायचं, की सही बघायची, की सहीला लागलेले बावीस महिने बघायचे?

माझी एक भाची न्यू जर्सीत असते. नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्या मतदानाच्या वेळी तिनं मला फोनवर विचारलं होतं, "मामा, इथं सगळेच उमेदवार वर्णभेदाच्या विरुद्ध बोलतात. मग निवडायचं कसं?" मी जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळं मला सरळ उत्तर देता येत नाही. मी तिला एका माणसाची हकिकत सांगितली.

तो माणूस म्हणजे लिंडन जॉन्सन. टेक्ससचा. १९२८ साली, अगदी तरुणपणी, त्यांनी कोटुला गावात मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांच्या शाळेत मास्तरकी केली होती. त्या पोरांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. १९३७ साली ते खासदार झाले. आणि पुढची वीस वर्षं नागरी हक्कांच्या विधेयकांवर त्यांचं मत विरोधात पडत गेलं. झुंडबळी रोखणारं विधेयक असो, मतदानावरचा कर काढणारं असो, जॉन्सन विरोधात. खासगीत तर ते कृष्णवर्णीयांबद्दल जी भाषा वापरत, ती मला आकाशवाणीवर उच्चारता येणार नाही. अशा माणसाला आपण काय म्हटलं असतं?

नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली आणि हे गृहस्थ अध्यक्ष झाले. केनेडींनीच मांडलेलं नागरी हक्क विधेयक त्यांनी हाती घेतलं. हॉटेल, थिएटर, नोकरी, सगळीकडच्या भेदभावाला बंदी घालणारं. सिनेटमध्ये दक्षिणेतल्या सदस्यांनी भाषणांवर भाषणं करून ते आठवडेच्या आठवडे अडवून धरलं. जॉन्सन यांनी एकेका सदस्याला फोन करून, गोंजारून, दटावून बहुमत जमवलं. १० जून १९६४ रोजी चर्चा थांबवण्याचा ठराव ७१ विरुद्ध २९ मतांनी मंजूर झाला. २ जुलैला सही. पुढच्या वर्षी मतदान हक्काचा कायदा. त्याची किंमत काय पडते हेही त्यांना ठाऊक होतं. १९६४ च्या निवडणुकीत ते देशभर प्रचंड मतांनी जिंकले, पण दक्षिणेतली पाच राज्यं गेली. मिसिसिपीत विरोधी उमेदवाराला ८७ टक्के मतं पडली.

तो विरोधी उमेदवार मला जास्त अडचणीत टाकतो. बॅरी गोल्डवॉटर. माणूस खासगीत सभ्य. ॲरिझोनातल्या हवाई दलाच्या राष्ट्ररक्षक तुकडीत त्यांनी गोऱ्या-काळ्यांची वेगळी पंगत मोडून काढली होती. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. १९६४ च्या विधेयकाला मात्र त्यांनी विरोध केला. कारण द्वेषाचं नव्हतं, घटनेचं होतं. खासगी मालकाला आणि राज्यांना असं बांधून घेण्याचा केंद्राला अधिकार नाही, असं त्यांचं म्हणणं. ते मनापासून बोलत होते, हे मला मान्य आहे. पण ज्याला हॉटेलच्या दारातून हाकलून देत होते, त्याला गोल्डवॉटर यांच्या स्वच्छ मनाचा उपयोग काय? आणि पक्ष बघून ठरवावं म्हणावं, तर तेही जमत नाही. त्या विधेयकाविरुद्ध सिनेटमध्ये २७ मतं पडली, त्यांतली २१ जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाची होती. रिपब्लिकन सहाच.

भाची म्हणाली, "म्हणजे मामा, तोंडाचा वाईट माणूस चालेल?" चालेल असं मी म्हणत नाही. वरिष्ठांच्या शिव्या खाणाऱ्याला त्या टोचतातच. पण मताची नोंद सभागृहाच्या दप्तरात राहते आणि ती कुणालाही बघता येते. अमेरिकेत तर आता घरबसल्या. ती बघताना मी एवढंच विचारीन, की हे मत देऊन त्याचं काही नुकसान होणार होतं का?

एक उदाहरण देतो. मतदान हक्काच्या कायद्याची मुदत २००६ साली वाढवली, तेव्हा सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य. विरोध करण्यातच तेव्हा तोटा होता. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्यातलं एक मुख्य कलम निकामी केलं. ते पुन्हा उभं करणारं विधेयक २०२२ च्या जानेवारीत सिनेटमध्ये अडलं. २००६ साली होकार देणारे काही सदस्य त्या दिवशीही सभागृहात होते, पण पलीकडच्या बाजूला. असं पाहिलं, की २००६ च्या एकमताची खरी किंमत कळते.

हे सगळं परक्या देशाचं, असं कुणी म्हणेल. माझ्या भाचीपुरतं तरी नाही. १९४६ च्या कायद्यानं भारतातून वर्षाला शंभर माणसांना अमेरिकेत वसायची मुभा होती. फक्त शंभर! वंशावर बेतलेली ती पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही केली. पुण्या-मुंबईचे डॉक्टर, इंजिनियर तिकडं जाऊन स्थिरावले, ठिकठिकाणी महाराष्ट्र मंडळं निघाली, ती त्यानंतर.

आणि मताचा हक्क मिळाल्यावर काय झालं? मिसिसिपीत कायद्याआधी जेमतेम सात टक्के कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंद होती. १९६७ पर्यंत ती साठ टक्क्यांच्या आसपास गेली. शेजारच्या अलाबामात जॉर्ज वॉलेस नावाचे गव्हर्नर होते. वर्णभेद कायम राहील अशी १९६३ साली शपथविधीच्या भाषणात गर्जना करणारे. त्याच वर्षी जूनमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभे राहिलेले. १९७२ साली त्यांच्यावर गोळीबार झाला आणि ते चाकाच्या खुर्चीला खिळले. पुढं त्यांनी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जाऊन माफी मागितली. १९८२ साली ते पुन्हा गव्हर्नरपदाला उभे राहिले, तेव्हा त्याच कृष्णवर्णीयांच्या दारात मत मागायला त्यांना जावं लागलं. अनेकांनी दिलं. माफी खरी होती की निवडणुकीपुरती, यावर तिथले लोक बराच काळ वाद घालत राहिले. वॉलेस यांनी मात्र त्या शेवटच्या कारकिर्दीत कृष्णवर्णीयांना सरकारी पदांवर नेमलं, आणि त्या नेमणुकांची नोंद दप्तरात आहे.