पापणी उचलत नाही तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आम्ही कवी मंडळींनी मिटल्या पापण्यांवर फार लिहिले आहे. पण पापणीचा एक अर्थ मला चंदगडला एका सिस्टरनी शिकवला. तो कुठल्या कवितेत मला भेटला नव्हता.

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. अशाच एका पहाटे माझा पुतण्या पोट धरून उठला. दोनदा उलटी झाली. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही. रात्रीच्या जेवणाला दोष देत आम्ही त्याला दवाखान्यात नेले. मी जरा तावातच म्हणालो, "सिस्टर, आधी पोटदुखीचं इंजेक्शन द्या."

त्यांनी शांतपणे विचारले, "चाचा, पोरगं रात्री कुठं झोपलेलं? कॉटवर का भुईवर?"

"भुईवर," मी म्हणालो. मला ती नसती चौकशी वाटली.

"बाळा, मान न हलवता वर बघ." त्याने बघितले. पापण्या मात्र अर्ध्यावरच राहिल्या. "आता एका दमात आकडे मोज." तो सव्वीसपर्यंत पोचला. सिस्टरनी आकडा आणि वेळ कागदावर लिहिली व डॉक्टरांना तातडीने बोलावले. दहा मिनिटांनी पुन्हा मोजायला लावले. या वेळी सतरा.

तो मण्यारीचा दंश होता. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की खूण दिसेलच असे नाही. वेदना नाही, सूज नाही. सकाळी पोट दुखते आणि घरचे अपचन समजून बसतात. नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप हे विष तोडते. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. म्हणून एका दमात किती आकडे मोजता येतात, हे पुन्हा पुन्हा पाहायचे. नुसत्या सव्वीसवरून फारसे कळत नाही. सव्वीसचे सतरा झाले, यावरून कळते.

घोणस किंवा फुरसे चावल्याची शंका असली, तर तपासणी वेगळी. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करतात. रक्त पातळच राहिले, तर विषाने गोठण्याची शक्ती घालवली असे समजायचे. यालाही मोठे यंत्र लागत नाही. लागते ते घड्याळ आणि लक्ष.

डॉक्टरांनी लगेच प्रतिविष सुरू केले. मोठ्या रुग्णालयाकडे नेताना वाटेत त्याचा श्वास मंदावला, तेव्हा पिशवी दाबून तो चालू ठेवावा लागला. पुढे तीन दिवस तो श्वासयंत्रावर होता. तिथल्या डॉक्टरांनी सर्वांत आधी वाचला तो सिस्टरचा कागद. पोरगा वाचला.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२४ मध्ये जाहीर झाला. प्रतिविष तर हवेच. पण ते कोणाला, केव्हा द्यायचे, हे ठरायला आधी कुणाला तरी शंका यावी लागते. पुष्कळदा ती खाटेजवळ उभ्या असलेल्या नर्सला येते. तिला आपण सलाईन लावणारी, गोळ्या देणारी एवढीच समजतो.

नंतर मी त्यांची माफी मागायला गेलो. त्या हसून म्हणाल्या, "चाचा, भुईवर झोपलेला हे तुम्ही सांगितलं, तेच कामाला आलं."

आमच्या घरी आता पावसाळ्यात भुईवर कोणी झोपत नाही. कॉटवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपतात. आणि दवाखान्यात सिस्टर काही विचारू लागल्या, की मी इंजेक्शनची घाई करत नाही. नीट आठवून उत्तर देतो.