इंधनाचं बिल कोण भरतं?



अध्यक्षाने शेवटी उठावं, सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर आहे असं म्हणावं आणि जेवणाची वेळ पाळावी, अशी आपल्याकडे रीत आहे. जेवणाची वेळ मी पाळीन. बाकीचं जमणार नाही. सकाळच्या परिसंवादात एका वक्त्यांनी ठणकावून सांगितलं, की अंतराळातल्या साहसकथेत राजकारण घालणं म्हणजे शिऱ्यात लसूण घालणं. टाळ्या पडल्या. यान उडू द्या, खलनायक पडू द्या; सत्ता, कर, वसाहती हे सगळं ‘गंभीर’ कादंबरीसाठी राखून ठेवा, असा एकूण सूर. हे मत मला साफ अमान्य आहे.

अंतराळातलं साहस मुळात राजकारणातूनच जन्माला आलं. दुसऱ्या शतकात सामोसाटाच्या लूशियनने ग्रीक भाषेत एक बेफाम गप्प रचली. वादळात सापडलेलं गलबत उडत उडत चंद्रावर पोचतं, आणि तिथे काय चाललेलं असतं? चंद्राच्या राजाचं सूर्याच्या राजाशी युद्ध. कारण ऐका. पहाटताऱ्यावर कोणी राहत नव्हतं. चंद्राच्या राजाला आपली दरिद्री प्रजा तिथे नेऊन वसवायची होती, आणि सूर्याच्या राजाने ती वाट अडवली. पुढे सूर्यवाले मधे भिंत घालून चंद्राचा उजेडच तोडतात, चंद्र शरण येतो, तह होतो, वसाहत दोघांची सामाईक ठरते आणि दरवर्षी दहा हजार घडे दव खंडणी म्हणून बांधून दिलं जातं. गरिबांची रवानगी, नाकेबंदी, तह, खंडणी. आणि हे सगळं थट्टेत, कोळ्यांच्या आणि राक्षसी पिसवांच्या फौजांसकट! करमणूक कुठे कमी पडली, ते मला परिसंवादातल्या वक्त्यांनी दाखवावं.

विरोधकांच्या हातात एक हुकमाचं पान आहे, ते मीच टाकतो. 1999 सालचा ‘स्टार वॉर्स’चा चित्रपट, ‘द फँटम मेनेस’. व्यापारी मार्गांवरच्या करावरून तंटा सुरू होतो आणि लोक आजतागायत हसतात. हसण्यासारखंच आहे ते. पण दोष कराचा नाही. एका अख्ख्या ग्रहाची नाकेबंदी झालेली असते आणि एकाही घरातली चूल विझलेली आपल्याला दिसत नाही. कर कोणाच्या खिशातून जातो हे दिग्दर्शकाने दाखवलंच नाही, म्हणून तो कंटाळवाणा झाला.

त्याच विश्वातली 2022 सालची ‘अँडोर’ ही मालिका बघा. एक तुरुंग आहे. कैदी अनवाणी, कारण फरशीतून विजेचा झटका देता येतो. टेबलाटेबलांवर यंत्राचे भाग जोडायचं काम. मागे पडलेल्या टेबलाला झटका, पहिल्या आलेल्या टेबलाच्या बेचव जेवणात चव मिसळली जाते. संपली गोष्ट! साम्राज्य म्हणजे काय, हे त्या चवीच्या लाचेत जितकं कळतं तितकं राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कळत नाही. आणि मग त्या तुरुंगातून पळून जाण्याचा प्रसंग येतो, तेव्हा आपण खुर्चीच्या कडेला येतो ते आधीची ती फरशी ठाऊक असते म्हणून.

माझा मुद्दा एवढाच आहे. दिवाणखान्यातल्या कादंबरीचा नायक आपल्या आळीबाहेर पडत नाही. साहसकथेतला फरारी माणूस जकातनाक्यावर लाच देतो, हमालांच्या खोलीत लपतो, सरदाराच्या पंगतीला बसतो, परक्या बोलीत शिव्या खातो. समाजाचे सगळे थर एका दमात ओलांडायला लावणारा दुसरा साहित्यप्रकार मला दाखवा. राजकारणाची गुंतागुंत पेलायला ही कथा अपुरी नाही. तिच्याइतकी लायक दुसरी नाही.

आता दुसऱ्या गटाकडे वळतो. ते मघापासून खुशीत माना डोलावत आहेत, म्हणून. हे आमचे विश्वरचनाकार. आधी तीन हजार वर्षांचा इतिहास, राजघराण्यांच्या वंशावळी, नकाशे, परिशिष्टं. आणि कथा सुरू होईपर्यंत वाचक झोपलेला. फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’लाही परिशिष्टं आहेत, हे उत्तर मला तोंडपाठ आहे. 1965 साली ते पुस्तक छापलं कोणी, तर मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनाने, कारण बाकीच्यांनी ते परत पाठवलं होतं. पण ते टिकलं कशावर? त्यात वाळवंटी लोकांचा म्होरक्या नव्या ड्यूकच्या भेटीला येतो आणि त्याच्यासमोर टेबलावर थुंकतो. पहारेकरी खवळतात. ड्यूकचाच एक माणूस सगळ्यांना थांबवतो, अंगातल्या ओलाव्याची भेट दिल्याबद्दल आभार मानतो आणि स्वतःही थुंकतो. पाण्याचं मोल, दोन समाजांमधलं अंतर, ड्यूकचं उपरेपण, सगळं त्या एका थुंकीत आलं. परिशिष्ट ज्याला हवं त्याने नंतर वाचावं.

आणि आपण? 1974 साली ‘कृष्णविवर’ ही कथा जयंत नारळीकरांनी टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली. पुढे आयुष्यभर त्यांनी एक शिस्त लावली: कथेतलं विज्ञान बिनचूक हवं. ती शिस्त आपण अर्धीच उचलली. यानाच्या कक्षेचं गणित तपासतो, खलाशांच्या पगाराचं तपासत नाही. स्पर्धेच्या कथा वाचताना मला हटकून भेटतो तो एक कॅप्टन, एक शास्त्रज्ञ आणि बोलका संगणक. स्वयंपाकी नाही, कारकून नाही, यान कोणाच्या पैशाने उडालं याचा पत्ता नाही.

हे दारिद्र्य आपल्याला शोभत नाही. ‘आज्ञापत्रा’त आरमाराचं प्रकरण काढून पाहा. जहाजांना लाकूड लागतं, आंबा-फणसाचं चालतंही. पण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावं, असं तिथे बजावलं आहे. आरमाराची सगळी शान आणि एका कुणब्याचं फणसाचं झाड, दोन्ही एकाच प्रकरणात! यानांचे ताफे रंगवणाऱ्या आमच्या लेखकाला याहून चांगला गुरू परदेशात मिळायचा नाही.

एक संपादक मला म्हणाले, मराठी वाचकाला एवढी गुंतागुंत झेपत नाही. ज्या वाचकाने विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ डोक्यावर घेतलं, शिंदे, होळकर, सूरजमल जाट, नजीबखान आणि अवधचा नवाब कोण कोणाकडे का झुकतो याचा हिशेब ठेवला, रसद तुटल्यावर उपाशी फौज 14 जानेवारी 1761 ला बाहेर का पडली हे समजून घेतलं, त्याला मंगळ आणि लघुग्रहांमधलं पाण्यावरचं भांडण झेपणार नाही? झेपत नाही ते संपादकांना, कारण त्यांना पाचशे शब्द कमी करायचे असतात.

पुढच्या वर्षीच्या कथास्पर्धेसाठी परीक्षक म्हणून मला पुन्हा बोलावण्याचा धोका आयोजकांनी पत्करला, तर आत्ताच सांगून ठेवतो: इंधनाचं बिल कोण भरतं हे जिच्यात कळत नाही, ती कथा मी बाजूला ठेवीन. आणि ते सांगायला जिला चार पानांची प्रस्तावना लागते, तीही. सकाळचे वक्ते पहिल्याच रांगेत बसले आहेत. त्यांना माईक द्या, आणि भोजनकक्षातल्या मंडळींना दहा मिनिटं थांबायला सांगा.