हौदाची गाळणी



आज आपण परसातल्या हौदाविषयी बोलू. आपल्या नाशिकात कुणाच्या परसात जुना सिमेंटचा हौद असतो, तर कुणी कमळासाठी नवे तळे करतो. त्यात गप्पी मासे सोडतात. हे चांगले आहे. गप्पी मासा डासांच्या अळ्या खातो. डेंग्यूचा डास तर साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. तेव्हा हौदातले मासे जगले पाहिजेत. पण थोड्या दिवसांत पाणी हिरवे होते. वास येतो. मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. मग घरातली माणसे म्हणतात, बुजवून टाका तो हौद!

बुजवू नका. आधी पाणी का बिघडते ते पाहू.

मासा खातो, तशी घाणही करतो. त्या घाणीतून अमोनिया होतो. गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो ना, तोच. माशाला तो विष आहे. पण या विषाचा निकाल लावणारे जंतू असतात. जंतू म्हटले की आपण दचकतो. अहो, दुधाचे दही कोण करते? जंतूच की! एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते माशाला फारसे बाधत नाही, आणि कमळाला तर खत होते. रशियाच्या विनोग्राडस्की नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जंतू शोधून काढले.

या जंतूंना बसायला जागा लागते आणि हवेशीर, वाहते पाणी लागते. गाळणी म्हणजे ही जागा.

हजार लिटरच्या हौदाला पन्नास लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम पुरे. ज्यात औषध किंवा रंग भरला होता असा ड्रम मात्र घेऊ नये. ड्रम हौदाच्या काठावर पक्क्या जागी ठेवा. भरल्यावर तो चांगलाच जड होतो. तळाशी तोटी बसवा, गाळ सोडायला. मग खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर पक्क्या भाजलेल्या विटांचे तुकडे भरा. विटेला बारीक छिद्रे असतात, म्हणून जंतूंना जागा पुष्कळ मिळते. नदीची वाळू मुळीच लागत नाही. खाणीतली काळी खडी चालते, पण तिची भुकटी निघून जाईपर्यंत धुवा.

हौदात तासाला पाचशे ते हजार लिटर पाणी ओढणारा लहान पंप ठेवा. त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर पिले ओढली जातात. पंपाची नळी ड्रमच्या तळापर्यंत न्या. पाणी खालून वर चढेल आणि वरच्या नळीने हौदात पडेल. ही वरची नळी पंपाच्या नळीहून जाड हवी, नाहीतर ड्रम वरून वाहील. पाणी पडताना हवा घेते, तेही माशांना हवेच असते. विजेचे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. ओल्या हाताने पंपाला शिवू नका.

आपले नाशिक तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. पण इथे तांब्याची नळी किंवा भांडे नको. तांबे माशाला बाधते.

गाळणी लगेच कामाला लागत नाही, बरं का. जंतू वाढायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर मासे थोडे ठेवा, खाणे चिमूटभर टाका.

आता मुख्य गोष्ट. दगडविटांवर बुळबुळीत थर धरतो. तो घाण नव्हे, तीच तुमची कामकरी मंडळी! आमच्या ओळखीच्या एका घरी दिवाळीच्या साफसफाईत सगळे दगड ब्लीचिंग पावडर घालून घासले. गाळणी लखलखीत झाली. आठ दिवसांत मासे मेले. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतो. म्हणून खडी धुवायची तर हौदाचेच पाणी बादलीत घ्या आणि थोडीच खडी हलकेच खळबळा. बाकीची पुढच्या महिन्यात.

या थराची ताकद जगाने पाहिली आहे. १८९२ साली जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांवर माणसे दगावली. शेजारचे आल्टोना गाव त्याच एल्ब नदीचे पाणी पीत होते, तेही हॅम्बुर्गची घाण मिसळलेले. पण ते वाळूच्या थरातून सावकाश गाळलेले होते. तिथे साथ फारच थोडी पसरली. आपल्या ड्रममधून मात्र पाणी भराभर जाते. ते कितीही नितळ दिसले तरी पिऊ नका, मुलांनाही पिऊ देऊ नका.

हिरवेपणा एकट्या गाळणीने जात नाही. तो उन्हाने वाढतो. निम्मा हौद कमळाच्या पानांनी झाकला की बराच उतार पडतो. मासे जास्त झाले तर शेजाऱ्याला द्या. गोदावरीत सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना त्यांचा जाच होतो.

आणि वीज बरेच तास गेली, तर ड्रममधले पाणी कुबट होते. वीज आल्यावर आधी खालची तोटी उघडून ते झाडांना सोडा, मग पंप लावा.