सहभागाचा व्यवहार आणि महामारी
(पारनेर येथील भाषणाचा गोषवारा)



पारनेरच्या जिरायती मुलखाला सावड नवी नाही. एकेक बैल असलेले दोन शेतकरी जोडी जुळवीत आणि दोघांचीही नांगरट उरकीत. तेथे वाटून घेतली जाई ती अडचण. अलीकडे ओला-उबरसारख्या कंपन्यांच्या व्यवहारालाही 'सहभागी अर्थव्यवस्था' असे गोंडस नाव मिळाले. या दोहोंतील भेद महामारीने उघडा केला.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि शहरांतील भाड्याच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. कंपनीच्या लेखी चालक हा नोकर नव्हे, 'भागीदार'. म्हणून त्याला पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टअखेर सवलत देऊ केली; व्याज मात्र चढतच राहिले. भाड्यात कंपनीचा वाटा होता, जोखमीत नव्हता.

याउलट 2021 साली पारनेर तालुक्यातील भाळवणी येथे आमदार निलेश लंके यांच्या पुढाकाराने 1100 खाटांचे कोविड केंद्र लोकांच्या मदतीवर चालले.

तथापि केवळ लोकांच्या औदार्यावर विसंबणे भाबडेपणाचे ठरेल. ज्याच्यापाशी बैलच नव्हता, त्या भूमिहीनाला बैलांच्या सावडीत स्थान नव्हते. त्याच्यासाठी कायदाच हवा. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम श्रमिकांच्या निधीसाठी घेण्याची तरतूद केली. पण ती अमलात येण्यास नोव्हेंबर 2025 उजाडला. या निधीची वसुली आणि वाटप यांवर श्रमिकांच्या संघटनांनीच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे.