गहू सोसत नाही, त्याने काय खावे?



घरी पाहुणा आला की आपण काय करतो? पोळ्या करतो. होळीला पुरणपोळी, पूजेला शिरा, लग्नात पुरी. भाकरी रोजची आणि गहू मानाचा, असे आपण मानत आलो. गहू चांगलेच धान्य आहे. बहुतेकांना तो मानवतो. पण काही माणसांना गव्हाचा एक घाससुद्धा सोसत नाही. आज त्या माणसांविषयी बोलायचे आहे.

समजा, एका घरात चार वर्षांचे पोर आहे. अंगावर पीत होते तोवर बाळसे चांगले होते. मग दुधात कुस्करलेली पोळी सुरू झाली, बिस्कीट सुरू झाले. काही महिन्यांत पोराची रया गेली. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्यांसारखे. शौचाला पातळ होते, फार घाण वास येतो. उंची वाढत नाही. आजी म्हणते, "दृष्ट लागली गं." शेजारीण म्हणते, "पोर अशक्त झालंय. गव्हाचा शिरा घाला, ताकद येईल." घरचे मायेने शिरा भरवतात. आणि त्या शिऱ्यानेच पोर आणखी खंगते.

या आजाराला सिलिॲक म्हणतात. हा लहानांना होतो, तसा मोठ्यांनाही होतो. एखाद्या बाईचे रक्त लोहाच्या गोळ्या खाऊनही वाढत नाही. एखाद्याची हाडे ठिसूळ होतात. कुणाचे तोंड सारखे येते. कुणाचे पोट अजिबात दुखत नाही, पण अंगात त्राण राहत नाही. आपल्या देशात हा आजार उत्तरेकडे जास्त दिसतो, कारण तिकडे गव्हाची रोटी रोजची. पण आपल्याकडेही तो आहे.

गव्हात असे आहे तरी काय? मायबहिणींनो, हे तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले कळेल. गव्हाची पोळी लाटता येते. ज्वारीची भाकरी थापावी लागते. असे का? कणकेचा गोळा वाटीभर पाण्यात चोळून चोळून धुवा. पांढरे पाणी निघून जाईल आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरेल. त्या चिवट पदार्थाला ग्लुटेन म्हणतात. त्यानेच कणीक ताणली जाते, पाव फुगतो. ज्वारी-बाजरीत तो नसतो, म्हणून भाकरीचे पीठ ताणले की तुटते.

सिलिॲक झालेल्या माणसाचे शरीर या ग्लुटेनला शत्रू समजते. त्याच्याशी लढताना ते आपल्याच आतड्याला इजा करते. आतड्याच्या आतून बारीक लव असते, नव्या टॉवेलवर असते तशी. ही लव अन्नातला कस शोषून घेते. ती झडली, की खाल्लेले अंगी लागत नाही. माती धुपून गेलेल्या रानात पाणी सोडावे आणि ते नुसते वाहून जावे, तसे होते.

हे कसे कळले? युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. तिथे विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. अशा आजारी मुलांना गहूच बाधतो, असा त्यांना आधीपासून संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे, तिथे मोठा दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी, पण ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पुढे पाव परत आला आणि त्यांचे दुखणेही परत आले. डिके यांनी अभ्यास करून 1950 साली आपला प्रबंध मांडला. गव्हातले ग्लुटेनच बाधते, हे 1952 साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दाखवले.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. संशय आला म्हणून लगेच घरच्या घरी गहू बंद करू नका. आधी डॉक्टरकडे जा. गहू खाण्यात असतानाच रक्ताची तपासणी करावी लागते. पुष्कळदा तोंडातून बारीक नळी घालून आतड्याचा कण काढूनही पाहतात. आधीच गहू सोडला, तर आजार असूनही तपासणीत दिसत नाही. जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन विचारा. एकाला हा आजार निघाला, तर आईबाप, भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करावी. हा आजार घराण्यातून येतो. एकाच्या ताटात जेवल्याने तो दुसऱ्याला लागत नाही.

आजार ठरला, की मग गहू कायमचा सोडायचा. हा आजार मुळातून घालवणारे औषध अजून निघालेले नाही. पण पथ्य पाळले, की झडलेली लव पुन्हा उगवते. पोर अंग धरते. पथ्य हेच औषध.

"मग आमच्या पोरानं खायचं तरी काय?" असे आई विचारील. बाई गं, घाबरू नको. तुझ्या कणगीतच खूप आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका चालतात. वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा चालतात. म्हणजे उपासाची फराळाची बहुतेक धान्ये त्याला रोज चालतात. सगळ्या डाळी, भाज्या, फळे, शेंगदाणे, गूळ, तूप, अंडी, मासे, मटण चालते. दूधही बहुतेकांना चालते. आतडे बरे होईपर्यंत कुणाला दूध पचत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारा.

काय चालत नाही? गहू आणि जव. खपलीही गहूच, तीही नको. रवा, मैदा, शेवया, लापशी, कुरडई, पाव, टोस्ट, खारी, बिस्कीट ही सगळी गव्हाचीच लेकरे. सातूचे पीठही नको.

हे झाले उघड दिसणारे. पण गहू लपूनही बसतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. मेतकुटात असतो. बाजारच्या हिंगाच्या पुडीत पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. जिलबी आणि गुलाबजाम यांत मैदा असतो. बेसनाच्या लाडवात कुणी रवा घालतात. भजी डाळीच्या पिठाची, पण त्याच कढईत आधी पुऱ्या आणि समोसे तळले असतील, तर ती भजी नको. नाचणीचे सत्त्व चालते. पण दुधात घालायच्या विकतच्या पुडीत माल्ट असेल, तर ते बहुधा जवाचे असते. विकतच्या नाचणीच्या बिस्किटांतही मैदा असू शकतो. नुसत्या नावावर जाऊ नका.

आणि सर्वांत मोठा धोका कुठे आहे? गिरणीत. आपल्या आधी कुणी गहू दळला, की त्याचे पीठ दगडाला आणि पेटीला चिकटून राहते. मग आपली ज्वारी त्यात दळली जाते. भाकरी ज्वारीची दिसते, पण पोटात गहूही जातो. पहाटे पहिले दळण नेले, गिरणी झाडून घेतली, तरी पुरता भरवसा नाही. सर्वांत चांगले म्हणजे घरचे जाते. ते नीट स्वच्छ करावे आणि त्यावर गहू कधीच दळू नये. ऐपत असेल त्याने घरची छोटी चक्की घ्यावी, तिच्यातही गहू घालू नये. मळणीच्या यंत्रातूनही गव्हाचे दाणे येतात. म्हणून धान्य निवडावे, पाखडावे, धुऊन वाळवावे आणि मग दळावे.

घरातही जपायला हवे. पोळपाट-लाटणे, चाळणी आणि तवा वेगळा ठेवा. आधी भाकरी करा, मग पोळी. दोन्ही एका फडक्यात गुंडाळू नका. पोळी लाटलेला हात धुतल्याशिवाय भाकरीच्या पिठाला लावू नका. सगळ्या घरानेच भाकरी खाल्ली, तर कामही निम्मे होते आणि पोरालाही वेगळे वाटत नाही.

कुणी म्हणेल, "एवढंसं खाल्लं तर काय होतंय?" होते. नखाएवढा पोळीचा तुकडा रोज पोटात गेला, तरी आतडे बरे होत नाही. वरून काही दिसत नाही, आत मात्र इजा चालूच राहते.

आता तुम्हांला वाचता येऊ लागले आहे. त्या विद्येचा इथे उपयोग करा. विकतच्या पाकिटावर आत काय काय घातले आहे ते छापलेले असते. अक्षरे बारीक असतात, पण सोडू नका. गहू, मैदा, रवा, जव, माल्ट यांपैकी एकही शब्द दिसला, की ते पाकीट परत ठेवा. हिंदीत गव्हाला गेहूँ म्हणतात. इंग्रजीत गव्हाला व्हीट आणि जवाला बार्ली म्हणतात. इंग्रजी येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. काही पाकिटांवर ग्लुटेन-फ्री असे छापतात. सरकारी नियमाप्रमाणे अशा एक किलो मालात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. हा माल महाग असतो. त्याच्यावाचून अडत नाही. आपली भाकरी-आमटी बरी.

एक सांगतो. ज्याला हा आजार नाही आणि गहू मानवतो, त्याने तो सोडायचे काही कारण नाही. माझे बोलणे ऐकून घरोघर गहू बंद करू नका.

शेवटी पंगतीविषयी दोन शब्द. पथ्य एका घराने पाळून भागत नाही, गावानेही सांभाळावे लागते. पोर प्रसादाचा शिरा घेत नाही, म्हणून त्याच्यावर रागावू नका. त्याच्या हातावर केळे ठेवा, खोबरे-साखर ठेवा. तोही प्रसादच आहे. होळीला त्याला वाटीत पुरण आणि तूप द्या. मात्र पोळ्या करायच्या आधीच ते बाजूला काढून ठेवा. संक्रांतीला तिळाचा लाडू द्या. उकडीचे मोदक तांदळाचे, ते त्याला चालतात. अंगणवाडीच्या ताईंना आणि शाळेच्या गुरुजींना आधीच सांगून ठेवा. सून गहू खात नसेल, तर तिला नखरेल म्हणू नका. ती नखरे करत नाही, पथ्य पाळते.

कोणताही घास देण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. यात काय घातले आहे? हे कुठे दळले? कशात शिजवले किंवा तळले? कोणत्या हाताने वाढले? चारही उत्तरे नीट मिळाली, तर खुशाल वाढा. एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर तो पदार्थ राहू द्या आणि घरची भाकरी वाढा.

तुमच्या ओळखीत असे खंगलेले पोर असेल, तर आज घरी गेल्यावर त्याच्या आईला एवढे जरूर सांगा, की एकदा तपासून घे.