दारातली मदत घरात केव्हा येणार?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही मोठा वक्ता नाही. फळ्यापुढे उभा राहणारा एक शिक्षक आहे. आज एका चुकीची कबुली देऊन सुरुवात करतो. ती चूक माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये प्रवेशाचे काम माझ्याकडे होते. एक तरुण आई मुलाला घेऊन आली. नवरा हमाली करणारा. बाळंतपण घरीच झालेले, त्यामुळे जन्माचा दाखला नव्हता. मी म्हणालो, "ताई, आधी दाखला आणा." ती "बरं, सर" म्हणून गेली, ती पुढच्या जूनलाच परत आली. मुलाचे एक वर्ष वाया गेले. दाखला कुठे मिळतो एवढे सांगायलाही मला सुचले नव्हते.

आपण नेहमी म्हणतो की, आपल्या समाजासाठी कुणी काही करीत नाही. ही तक्रार अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु जे हक्काचे आहे, ते तरी आपण पदरात पाडून घेतो काय?

आपल्या गल्लीतली अंगणवाडीच घ्या. ही योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी सुरू झाली. आज ती गावोगावी आहे. पुष्कळांना वाटते, ती म्हणजे मुलांना खिचडी देण्याची जागा. वस्तुतः गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि 6 वर्षांपर्यंतचे मूल, या सर्वांसाठी ती आहे. तिथे पोषण आहार मिळतो, बाळाचे वजन होते, लसीकरणाची सोय होते. बाळ वाळत चालले आहे हे आईच्या आधी वजनकाटा सांगतो. पण आपल्या कित्येक सुनांचे नावच तिथे नोंदलेले नसते.

दुसरी गोष्ट बाळंतपणाची. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया करावी लागली तरी, 2011 पासून मोफत आहे. औषधे, तपासण्या आणि घरी पोचवण्याची गाडीसुद्धा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळंतपणासाठी 5,000 रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास 6,000 रुपये मिळतात. मात्र पैसे आईच्याच बँक खात्यात येतात. त्यासाठी खाते आधारला जोडलेले हवे. तेव्हा तरुण नवऱ्यांनो, बायकोचे खाते आधी उघडा. ते तुमचे कर्तव्य समजा.

तिसरी गोष्ट जन्मनोंदीची. बाळ दवाखान्यात जन्मले तर दवाखाना नोंद कळवतो. घरी जन्मले तर घरच्यांनी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत कळवायचे. 21 दिवसांच्या आत नोंद केल्यास विलंब शुल्क पडत नाही. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत प्रकरण जाते. 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला आहे. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा पुरावा हा दाखलाच. नाव ठरले नसेल तरी नोंद अडत नाही. नाव मागाहून लिहून घेता येते.

आता कुणी विचारील, इतके सोपे असताना लोक जात का नाहीत? कारण हमालाने एक दिवस कचेरीत घालवला की त्या दिवशीची चूल अडते. कारण फॉर्म वाचता येत नाही आणि खिडकीवरचा माणूस माझ्यासारखाच बोलतो.

इथेच तुमचे काम आहे, विद्यार्थी मित्रांनो. तुम्ही दहावी-बारावी शिकता, मोबाईल सराईतपणे चालवता. रविवारी एक तास मोहल्ल्यात बसा. फॉर्म भरून द्या, कागदांची यादी लिहून द्या, वाटल्यास सोबत जा. मुलींनी हे काम विशेष करावे. नवी सून आपली अडचण मुलीजवळच बोलेल.

आणि वडीलधाऱ्यांना विनंती. आपण जकातीचा चाळिसावा भाग काढतो. त्यातून गरीब घराला अशा फेरीची बुडालेली मजुरी आणि बसभाडे दिले, तर थोड्या पैशांत घराचे मोठे काम होईल.

त्या मुलाचे गेलेले वर्ष मी परत देऊ शकत नाही. यापुढे मात्र माझ्या टेबलावर दाखल्याच्या अर्जाचे कोरे नमुने ठेवलेले असतील. आपणही आपल्या शेजारच्या एका घराचे एक काम पत्करावे, एवढीच विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.